कासवाचं आवार

काचेच्या टाकीच्या उजव्या कोपऱ्यात, तळापासून चार बोटं उंचीवर, दोन धुरकट पट्टे होते. ओल्या फडक्यानं पुसले, मग व्हिनेगर लावून पुसले, तरी जाईनात. टाकी उजेडासमोर धरली तेव्हा लक्षात आलं की हे डाग नाहीत, ओरखडे आहेत. नखांत अडकलेल्या वाळूसकट एक कासवी कितीतरी महिने त्याच कोपऱ्यात उभी राहून पुढच्या पायांनी काच खरवडत होती. तिच्या पुढच्या पायांची चार-चार नखं झिजून बोथट झाली होती.

आम्ही इंग्लंडमध्ये, लंडनच्या पश्चिमेला स्लाउमध्ये राहतो. ही कासवी आमच्याकडे आली ती शेजारच्या आजोबांकडून. ते वृद्धाश्रमात राहायला निघाले होते आणि तिथे प्राणी न्यायची परवानगी नव्हती. टाकी, लाल बल्ब, वाळूची पिशवी आणि कासवी असं सगळं त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवलं आणि काही न बोलता बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. पाच वर्षं ते तिच्यासाठी रोज सकाळी बागेतला डँडेलियनचा पाला खुडून आणत होते. दुकानात ‘कासवाला लागतं ते सगळं यात आहे’ असं सांगून हा संच त्यांना विकला होता आणि त्यांनी तो विश्वासानं घेतला होता. त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं. कमी होतं ते पेटीत, आणि ते ओळखायचं कसं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

माझा पेशा इमारतींमधलं तापमान आणि खेळती हवा सांभाळण्याचा. दुसऱ्या दिवशी कामावरचं इन्फ्रारेड थर्मामीटर घरी आणलं. बल्बखालची वाळू ४७ अंश सेल्सिअस होती आणि दोन फुटांवरच्या टाकीच्या दुसऱ्या टोकाला ३१. म्हणजे तिला ऊन होतं, पण सावली नव्हती. चारही बाजूंच्या काचेत गरम हवा कोंडून राहत होती. आणि पारदर्शक भिंत ही गोष्ट कासवाला उमगतच नाही. पलीकडची खोली दिसते, तिकडे जाता येत नाही, म्हणून ते दिवसभर काचेला भिडत राहतं.

त्या शनिवारी जुन्या सामानाच्या दुकानातून पुस्तकांचं सहा फुटी कपाट आणलं, पाठीवर आडवं पाडलं आणि मधल्या फळ्या काढून टाकल्या. अशा कपाटाची पाठ म्हणजे पातळ हार्डबोर्ड. त्यावर ओल्या मातीचं ओझं पडलं की आठवड्यात त्याचं पोट सुटतं. म्हणून खालून १२ मिलिमीटरचं प्लायवूड स्क्रूनं पक्कं केलं. आत बागेतल्या तळ्याला घालतात ते जाड रबरी अस्तर घातलं, कोपरे न कापता पाकिटासारखे दुमडून घेतले. कपाट जेमतेम फूटभर खोल. एका टोकाला वीतभर माती भरायची तर कठडाच उरत नाही, म्हणून चारही बाजूंनी वर आणखी एकेक फळी उभी जोडली. बागेतली साधी माती आणि धुतलेली वाळू कालवून, पाणी शिंपडून भरली.

तिला मातीवर ठेवलं. पहिली दहा मिनिटं ती कडेकडेनं चालली. कोपरा आल्यावर सवयीनं पुढचे दोन्ही पाय उचलून भिंतीला टेकवले. भिंत लाकडाची, पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. पाय खाली आले. मग ती वळली आणि जिथे माती जाड होती त्या टोकाला जाऊन थांबली. डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा. माती मागे पडू लागली, मध्येच मागच्या पायांनी ती आणखी मागे लोटायची. पाऊण तासानं तिच्या पाठीचा वाटीएवढा भाग तेवढा वर उरला होता. आम्ही जेवून येईपर्यंत तोही दिसेनासा झाला. पाच वर्षांत तिला खणायला माती मिळाली नव्हती, आणि तरी खणायचं कसं हे ती विसरली नव्हती.

हे पुस्तक त्या संध्याकाळी सुरू झालं.

नाव ठरवताना मी एका शब्दाशी बराच अडलो. इंग्लंडात उघड्या, बसक्या, लाकडी पेटीला सरसकट ‘टॉर्टस टेबल’ म्हणतात. मराठीत काय म्हणायचं? पिंजरा म्हटलं की गज दिसतात, टाकी म्हटलं की पाणी, आणि पेटी किंवा खोकं म्हटलं की आत ठेवून झाकण लावायची वस्तू. शेवटी घरातल्याच एका शब्दापाशी आलो. देवळाचं आवार, शाळेचं आवार. त्या शब्दात कुंपण आहे, पण आत ऊन आहे, सावली आहे, एखादं झाड आहे, कोपऱ्यात ओल आहे आणि हिंडायला जागा आहे. घरात कासव ठेवायचंच असेल तर त्याला या अर्थाचं आवार हवं. पुढची सगळी प्रकरणं हा एक शब्द लाकूड, माती आणि विजेच्या तारांतून उभा करण्याची आहेत.

शब्दांचीच आणखी एक गोष्ट आधी उरकतो. मराठीत वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडलेही कासव, विहिरीतलंही कासव आणि माळावरचंही कासव. या पुस्तकात फक्त जमिनीवरची कासवं आहेत, ज्यांचे पाय हत्तीच्या पायासारखे खांबी असतात आणि ज्यांना पोहता येत नाही. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं जे छोटं हिरवं कासव भारतात पुष्कळ घरांत दिसतं, ते पाण्यातलं. त्याच्यासाठी हे पुस्तक उपयोगी नाही.

माझ्या आयुष्यातलं पहिलं कासव मात्र स्लाउमधलं नव्हे. पुण्यात आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एका बिऱ्हाडानं चांदणी कासव पाळलं होतं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, प्रत्येक उंचवट्यावर एक. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते असं कुणीतरी सांगितलं होतं आणि बाजारात ते सहज मिळालं होतं. कायद्याची जाणीव वाड्यात कुणालाच नव्हती. ते न्हाणीघराच्या शहाबादी फरशीवर राहायचं, कारण तिथे घाण धुऊन काढायला सोपं. खायला कोबी आणि पोळीचे तुकडे. आम्ही मुलं त्याला बघायला जायचो. दुसऱ्या वर्षी मी त्याला उचललं तेव्हा पाठ बोटाखाली दबली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. मी घाबरून खाली ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. महिन्याभरात ते गेलं. म्हातारं झालं असेल असं मोठी माणसं म्हणाली. ते तळहाताएवढं होतं, म्हणजे पोरच होतं.

त्याला काय झालं होतं हे मला तीस वर्षांनी नीट समजलं. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचा एक पट्टा, ज्याला यूव्हीबी म्हणतात, तो कातडीवर पडला की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होतं. ते असलं तरच खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जातं. ते नसलं तर शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढू लागतं, आणि कासवाची पाठ म्हणजे हाडच, फासळ्या आणि मणक्यांना सांधलेलं. न्हाणीघराच्या झरोक्यातून उजेड यायचा, ऊन कधी यायचं नाही. पुण्यासारख्या लख्ख उन्हाच्या गावात, अंगणापासून वीस पायऱ्यांवर, ते कासव उन्हावाचून मेलं.

कासव आपलं घर पाठीवर घेऊन हिंडतं असं आपण लहानपणापासून म्हणतो. पाठीवर असतं ते फक्त छप्पर. ऊन, रात्रीचा गारवा, मातीतली ओल, दगडाची फट, हे सगळं त्याच्या मुलखात असतं, आणि मुलूख त्याच्याबरोबर येत नाही. माणूस परदेशी गेला तर स्वेटर घालतो, हीटर लावतो, डाळ-तांदूळ शोधून आणतो. कासवाला स्वतःच्या शरीराची ऊबही बाहेरूनच घ्यावी लागते. म्हणून फळी कापण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न एकच: हे कासव कुठलं?

आमची ती कासवी हॉर्सफील्ड जातीची. कझाकस्तान, उझबेकिस्तान, अफगाणिस्तान, इराण हा तिचा मुलूख. तिथल्या रुक्ष माळरानावर उन्हाळा भाजून काढतो आणि हिवाळा गोठवतो, म्हणून हे कासव वसंतातले तीनेक महिने वर येऊन खातं-पितं आणि वर्षाचा उरलेला बराचसा काळ बिळात काढतं. त्याला माती द्या, खोल द्या, म्हणजे निम्मं काम झालं. हे कासव किती चिवट असतं हे सांगायला एक गोष्ट पुरेशी आहे. सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत संघाचं झोंड-५ हे यान चंद्राला वळसा घालून परत आलं, त्यात या जातीची दोन कासवं होती. ज्या बैकोनूर तळावरून ती उडाली तो कझाकस्तानातच, म्हणजे त्यांच्या घरच्या माळावर. यान हिंदी महासागरात उतरलं आणि जहाजानं मुंबईला आणून तिथून विमानानं पुढे नेलं गेलं. कासवांचं वजन सुमारे दहा टक्क्यांनी घटलं होतं, पण ती जिवंत होती आणि खातही होती. या चिवटपणाचाच त्यांना तोटा होतो. चुकीच्या पेटीत दुसरा प्राणी महिन्यात आजारी दिसेल, हे कासव पाच वर्षं तसं दिसत नाही.

हर्मन आणि ग्रीक ही भूमध्य समुद्राभोवतालची कासवं. झुडपांच्या उतारावर सकाळी उन्हात अंग शेकायचं आणि दुपारी झुडपाखाली शिरायचं हा त्यांचा दिनक्रम. त्यांच्या आवारात एका टोकाला ३२ ते ३५ अंशांची उन्हाची जागा, दुसऱ्या टोकाला वीस-बावीस अंशांची सावली आणि रात्री स्पष्ट गारवा हवा. उतार, सपाट दगड आणि चिवट रोपटी दिली की ती दिवसभर कामात असतात. हिवाळी झोप हा त्यांच्या वर्षाचा भाग आहे. इकडे बरेच जाणकार त्यासाठी चक्क वेगळा फ्रिज ठेवतात आणि तो पाच अंशांच्या आसपास राखतात. त्या विषयाला मी स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, कारण तिथली चूक सुधारायला सवड मिळत नाही.

याच्या अगदी उलट दक्षिण अमेरिकेतलं तांबड्या पायांचं कासव, रेड-फुट. त्याला हिवाळी झोप नाही, थंड रात्र नाही, कोरडी हवा तर नाहीच. या जातीनं मला जे शिकवलं ते थोडं सविस्तर सांगतो.

रेडिंगमध्ये राहणाऱ्या एका डोंबिवलीकर मित्राच्या मुलाकडे असं एक कासव होतं. माझं कपाट बघून त्यांनी तसंच उघडं टेबल बनवलं होतं, सुतारकाम माझ्यापेक्षा सरस. दीड वर्षानं त्यांनी फोटो पाठवला. पाठीवरचा प्रत्येक तुकडा वेगळा उचलला जाऊन टोकदार झाला होता, जणू एकेक छोटा सुळका. मी गेलो तेव्हा घरात सेंट्रल हीटिंग चालू होतं. आर्द्रतामापक टेबलात ठेवला तर काटा ३४ टक्क्यांवर. या कासवाला सत्तर-ऐंशी लागतात. उघड्या टेबलात कितीही पाणी शिंपडा, हीटिंगची कोरडी हवा ते तासाभरात पिऊन टाकते. दोष माझा होता. मी त्यांना आकार सांगितला होता, मुलूख विचारला नव्हता.

पाठ अशी सुळकेदार होते ती जास्त प्रथिनं खाल्ल्यामुळे, असं पूर्वी सर्रास सांगायचे. २००३ मध्ये व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या वीस्नर आणि इबेन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी सुल्काटाची पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांच्या खाद्यावर वाढवली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठी उंचसखल झाल्या आणि प्रथिनांचा परिणाम त्यामानानं किरकोळ निघाला. सुल्काटा तर सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठचं कासव! पण त्याचं पिल्लू उघड्या वाळवंटात वाढत नाही. ते दिवसाचा बराच वेळ बिळात असतं आणि बिळातली हवा दमट असते. ‘वाळवंटातलं कासव, म्हणून कोरडी वाळू’ हा हिशेब किती जणांच्या पाठी बिघडवून गेला असेल!

मित्राकडे आम्ही त्या टेबलावर पॉलिकार्बोनेटचं छत चढवलं, पुढे सरकती दारं केली. मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा आणि झाडाच्या सालीचे तुकडे भरले. पाणी वरून न शिंपडता चार कोपऱ्यांत ओतलं, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा कोरडा, नाहीतर पोटाकडचं कवच सतत ओल्यावर टेकून कुजतं. आठवड्यानं दार सरकवलं तेव्हा आतून जो वास आला त्यानं मी क्षणभर आजोळी, राजापूरला पोचलो. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर पडवीत बसलं की येतो तो वास. तापमान २८, आर्द्रता ७८. कासव सालीच्या ढिगाखालून डोकं बाहेर काढून बघत होतं. आठ महिन्यांनी तुकड्यांच्या कडेला नवी वाढ दिसली ती सपाट आली. जुने सुळके जात नाहीत, ते त्याच्याबरोबर जन्मभर राहतील.

पूर्व आफ्रिकेतलं पॅनकेक कासव भाकरीसारखं चपटं आणि लवचिक कवचाचं. ते खणत नाही, खडकांच्या कपारीत शिरतं आणि चढण्यात पटाईत असतं. त्याला जमिनीपेक्षा थर हवेत. दगड एकावर एक नुसते रचायचे नाहीत, बसवून पक्के करायचे, कारण ते खालून जोर लावतं. आणि सुल्काटाबद्दल मी या पुस्तकात मोजमापं दिलेलीच नाहीत. अंड्यातून निघतं तेव्हा ते लिंबाएवढं असतं, म्हणून लोक मोहात पडतात. पूर्ण वाढलेला नर ८० किलोंच्या पुढे जाऊ शकतो आणि त्याची बिळं कित्येक फूट खोल असतात. त्याच्यासाठी घरात बांधता येईल असं आवारच नाही. आखाती देशांत बंगल्यांच्या बागेत ही कासवं पाळलेली मी पाहिली आहेत. तिथे निदान जमीन आणि ऊन आहे. फ्लॅटमध्ये हे कासव आणू नका.

एकाच आवारात दोन जाती ठेवायच्या नाहीत, हे मात्र सगळ्याच प्रकरणांना लागू आहे. एका जातीला न बाधणारे जंतू दुसरीला मारक ठरू शकतात, आणि हवामान तर जुळतच नाही. सोबत हवी म्हणून दुसरं आणणारेही फसतात. जमिनीवरची कासवं बहुधा एकेकटी राहतात आणि दोन नर तर एकमेकांना उताणं पाडेपर्यंत धडका देतात.

पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण प्रकाशाचं आहे आणि ते तसं का हे वाड्यातल्या त्या कासवावरून कळलंच असेल. इंग्लंडात ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतंच, सूर्य इतका खाली असतो. खिडकीच्या काचेतून ऊब आणि उजेड येतो, यूव्हीबी अडून राहतं. कासव खिडकीत ठेवून समाधान मानणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो. म्हणून नळीचा यूव्हीबी दिवा लागतो, आवाराच्या लांबीच्या निदान निम्मा. पिळाचा छोटा दिवा ताटलीएवढ्या जागेवर किरण टाकतो आणि कासव तिथून दोन पावलं सरकलं की अंधारच. दिवा बाजूनं लावायचा नाही, डोक्यावरून लावायचा. सूर्यही वरूनच येतो आणि कासवाच्या डोळ्यांवरची कपाळपट्टी त्यासाठीच झाली आहे. मध्ये बारीक जाळी आली तरी किरण बरेच घटतात. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दिव्याचं म्हातारपण. यूव्हीबी आटलं तरी उजेड तसाच दिसतो. मापक नसेल तर खरेदीची तारीख दिव्याच्या टोपीवर लिहून ठेवावी आणि वर्षाच्या आत दिवा बदलावा. किती यूव्हीबी पुरे, याचंही उत्तर मुलूखच देतो. २०१० मध्ये गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी रानातले साप-सरडे स्वतःहून किती उन्हात बसतात ते मोजून चार पट्टे आखले. आज कासवांच्या दिव्यांचे हिशेबही त्याच पट्ट्यांवरून मांडतात.

उष्णतेबद्दल इथे एवढंच सांगतो की ती वरून आणि रुंद यायला हवी. एका चिंचोळ्या बल्बखाली पाठीचा माथा भाजतो आणि पाय गार राहतात. रुंद झोताचे दोन बल्ब शेजारी लावले की पूर्ण अंग शेकतं. खालून गरम करणारी गादी वापरू नये. रानात गरम झालेलं कासव गारव्यासाठी खाली खणतं, आणि खालीच ऊब असली तर तो बिचारा जीव जाणार कुठे? लाल बल्बही नको. कासवांना रंग दिसतात, आणि त्या लाल उजेडात हिरवा पाला काळपट दिसतो.

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक थर्मोस्टॅटची. पहिल्या हिवाळ्यात त्याची संवेदक तार मी मातीवर नुसती सोडून दिली होती. कासवीनं रात्री खणताना ती गाडून टाकली. गाडलेल्या तारेला गार माती लागली, थर्मोस्टॅटला वाटलं आवार थंड आहे, आणि सिरॅमिकचा हीटर रात्रभर पेटता राहिला. पहाटे पाच वाजता पाणी प्यायला उठलो तेव्हा ती पाण्याच्या परातीत पूर्ण अंग बुडवून, मान ताणून, तोंड उघडं ठेवून बसली होती. हवेचं तापमान ४० होतं. उथळ परात होती म्हणून ती वाचली. वीस वर्षं मी लोकांच्या इमारतींचे थर्मोस्टॅट बसवत आलो, आणि माझ्या घरात हे झालं. तेव्हापासून संवेदक तार कवचाच्या उंचीवर, भिंतीला क्लिप मारूनच बसवतो, आणि परात काढायची गोष्ट कुणी काढली तर ऐकून घेत नाही.

सुतारकामाची प्रकरणं त्यामानानं सोपी आहेत. ज्याला गुण्या धरून फळी कापता येते त्याला आवार बांधता येतं. भिंत कासवाच्या लांबीच्या दीडपट तरी, कोपरे चढता येणार नाहीत असे, चीड-देवदाराचा भुसा अजिबात नको, विजेच्या वायरी वर चढवून बांधलेल्या. आवार हाताळल्यावर साबणानं हात धुणं लहान मुलांना आधी शिकवावं. कासवांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, आणि चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला अमेरिकेनं १९७५ पासून बंदी घातली ती याच कारणानं.

इंग्लंड कासवांना अनोळखी नव्हतं. गिल्बर्ट व्हाइट या निसर्ग निरीक्षकाला १७८० मध्ये आत्याकडून टिमथी नावाचं कासव वारशात आलं. त्यानं सेल्बर्नच्या बागेत त्याचं खाणं, खणणं, नोव्हेंबरात मातीखाली जाणं बारकाईनं टिपलं. टिमथी मादी होती हे पुढे कवच तपासल्यावर कळलं. ते कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. त्या एका कासवाला एक बाग आणि रोज बघणारा एक माणूस मिळाला. विसाव्या शतकात मात्र भूमध्य सागराकाठची कासवं बोटी भरभरून इंग्लंडात आली, आणि त्यांतली बहुतेक थोड्याच काळात मेली. १९८४ मध्ये तो व्यापार बंद झाला. आज हर्मन किंवा ग्रीक कासव विकायचं तर सरकारी प्रमाणपत्र लागतं.

भारतातल्या वाचकांना एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. चांदणी कासव आपल्याकडे घरात ठेवणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाला सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत त्याला सर्वोच्च संरक्षण मिळालं ते चोरट्या व्यापारामुळे. टेपनं गुंडाळून, मोज्यांत कोंबून, सुटकेसमध्ये भरून ही कासवं विमानतळांवर पकडली जातात. म्हणून त्याचं प्रकरण या पुस्तकात नाही. परदेशी जातींनाही आता नोंदणी बंधनकारक आहे, कारण जमिनीवरचं प्रत्येक कासव सायटिसच्या यादीत आहे. लक्ष्मीसाठी, वास्तूसाठी कासव हवं असेल तर आपल्या शंकराच्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव शतकानुशतकं बसलेलं आहे. त्याला नमस्कार करावा. जिवंत कासव सौराष्ट्रातल्या किंवा आंध्रातल्या माळावर असू द्यावं.

आपल्या संतांनी कासवीच्या दृष्टीचा दाखला पुन्हा पुन्हा दिला आहे. ती पिलांना दूध पाजत नाही, कुशीत घेत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते असा तो भाव. रानातली कासवी अंडी पुरून निघून जाते, पिल्लू एकटंच वर येतं. पण पाळलेल्या कासवाच्या बाबतीत ती नजर खरोखर आपल्याकडे येते. ते ओरडत नाही, शेपूट हलवत नाही, दुखलं तर सांगत नाही. आज त्यानं कुठल्या टोकाला झोप काढली, उन्हात किती वेळ बसलं, कोपऱ्यात उभं राहून भिंत खरवडतंय का, हे बघणाऱ्यालाच कळतं.

म्हणून या प्रस्तावनेनंतर लगेच, पहिल्या प्रकरणाच्या आधी, एक कोरा तक्ता छापला आहे. सात दिवस, रोज तीन वेळा: सकाळी उठल्यावर, दुपारी आणि दिवे मालवताना. ज्या खोलीत आवार ठेवायचं ठरवलं आहे तिथे जमिनीपासून वीतभर उंचीवर थर्मामीटर आणि आर्द्रतामापक ठेवा आणि आकडे लिहा. डोक्याच्या उंचीवर नको, आपल्याला वाटतं त्यापेक्षा खालची हवा थंड असते. आमच्या स्वयंपाकघरात जानेवारीच्या पहाटे चार अंशांचा फरक निघाला होता. तक्ता भरून होईपर्यंत फळी विकत आणू नका, आणि कासव तर नकोच.